एकटीपुरता कायदा

आमच्या भागात येऊन गेलेली माणसं परत गेल्यावर सांगतात की तिथले लोक फार साधे, मितभाषी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझी आत्या याच लोकांत जन्मली, याच लोकांत राबली आणि याच लोकांनी एक अक्षर न बोलता तिच्या आयुष्याची माती केली. न बोलणं हा साधेपणा नसतो. बहुतेक वेळा ती सोय असते.

भाग म्हणजे उघडं माळरान, लांब लांब वस्त्या, दगडाच्या खाणी आणि मधून गेलेला मोठा रस्ता. खाणीतली खडी ट्रकमध्ये भरतात, ट्रक वजनकाट्यापुढे रांग लावतात आणि रांग पुढे सरकेपर्यंत ड्रायव्हर खाली उतरून पाय मोकळे करतात. या रांगेवर सगळे जगतात. चहाची टपरी, पंक्चरवाला, पंपवाला, खोल्या भाड्यानं देणारे, मी ज्या दवाखान्यात ड्रेसिंग करते तो दवाखानासुद्धा. माझी आत्याही त्याच रांगेवर जगली. फरक इतकाच की बाकीच्यांच्या कामाला नाव होतं आणि तिच्या कामाचं नाव कोणी घेत नव्हतं.

तिला सगळे काटकी म्हणायचे. अंगानं वाळल्या फांदीसारखी, पण खडीची पाटी उचलायची तेव्हा बघणाऱ्याला वाटायचं पाटी रिकामी आहे. नवरा बोअर मारणाऱ्या गाडीबरोबर कामाला म्हणून गेला तो गेलाच. मग ती खाणीवर लागली. तिथला मुकादम असा होता की पाट्या, फावडी आणि बायका हे सगळं त्याला मालकानं एकत्रच सोपवलंय असं त्याला वाटे. खाणीवर सगळ्यांना माहीत होतं. तोंडावर रुमाल बांधून सगळे खडी फोडत राहिले, धुळीमुळे बांधायचाच असतो तो. एक दिवस आत्यानं पाटी त्याच्या पायावर टाकली आणि चालायला लागली. चालत चालत ती वजनकाट्यापर्यंत आली आणि तिथंच राहिली.

मी मोठी झाल्यावर एकदा तिला सरळ विचारलं होतं की असलं काम का धरलंस. तिला राग आला नाही. "तिथं माझ्या नाही म्हणण्याला कोणी विचारत नव्हतं," ती म्हणाली. "इथं दार माझं होतं. कडी मी लावायची, मी काढायची."

पंपाच्या मागे एक जुनी खोली होती, पत्र्याचं दार, एक खिडकी. पंपवाल्यानं ती तिला भाड्यानं दिली. कशासाठी देतोय हे त्याला माहीत होतं, कारण पहिल्या आठवड्यात तोच आत येऊन गेला होता. आमच्या घरावरचं नवीन छप्पर तिचं. माझं शिक्षण तिचं. आजी शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळली होती, ते सगळं औषधपाणी तिचं. तरी घरी पाहुणे असले की माझे बाबा तिला मागच्या दारानं घ्यायचे आणि स्वयंपाकघरातूनच परत पाठवायचे. सख्खी थोरली बहीण. ती हसायची. म्हणायची, "जाऊ दे गं, मागच्या दारी वारा चांगला येतो."

देशाचा कायदा मी पुढे वकिलाकडून समजून घेतला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक होतेय, म्हणून पुन्हा विचारलं. बाईनं स्वतःच्या खोलीत हे काम केलं तर गुन्हा नाही. पण त्याच खोलीत दुसरी बाई असेल तर तो अड्डा, आणि खोली जिच्या नावावर ती अड्डा चालवणारी. राखणीला एखादा माणूस ठेवला तर तो बाईच्या कमाईवर जगणारा, म्हणून गुन्हेगार. खोलीवाल्याला माहीत असेल तर खोलीवाला गुन्हेगार, म्हणून त्याला कधीच काही माहीत नसतं. थोडक्यात काय, काम कर, पण हाक मारली तर कोणी येणार नाही अशा जागी कर. राजधानीत बसून हा कायदा लिहिणाऱ्यांनी म्हणे बायकांच्या रक्षणासाठी लिहिला. वकील हे सांगताना मान खाली घालून टाचणी टोचत बसला होता. त्याचाही मला राग आला.

ते सगळं नंतरचं. त्याआधी ती दुपार आली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आलेला माणूस ट्रकवाला नव्हता, मोटारीतून आला होता, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा. आत आल्यावर त्यानं तिच्याच टॉवेलनं तिचा गळा आवळला. का, ते तिला कधीच कळलं नाही. भांडण नाही, बोलाचाली नाही. तिनं लाथा झाडल्या, एक लाथ पत्र्याच्या दाराला बसली, दार दणाणलं. तिनं त्याचं मनगट चावलं तेव्हा तो दचकला आणि पळाला. पंपावर माणसं होती. दाराचा आवाज त्यांनी ऐकला होता. कोणी उठलं नाही.

ती चालत दवाखान्यात आली. गळ्याभोवती लालभडक पट्टा उठला होता, आवाज फुटत नव्हता. कंपाउंडर तिला पाहून औषधांच्या कपाटात काहीतरी शोधायला लागला आणि मी ड्रेसिंग संपवेपर्यंत शोधतच राहिला. मी तिला घेऊन चौकीत गेले.

चौकीतला हवालदार तिला चांगला ओळखत होता. ओळख फुकटची होती, एवढंच सांगते. त्यानं तक्रार लिहून घेतली नाही. लिहायची म्हटलं तर ती तिथं काय करत होती तेही लिहावं लागेल, मग पंपवाला अडकेल, खोली जाईल, त्यापेक्षा नकोच, असा त्याचा हिशोब. मी म्हटलं, निदान मोटारीचं वर्णन तरी घ्या. त्यानं माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण लावलं आणि आत्याला म्हणाला, "एकटी राहतेस हीच चूक. एखादी सोबतीला ठेव. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

आत्यानं त्याचं ऐकलं. सरकारी माणसाचा सल्ला होता शेवटी.

सोबतीला आली ती शिंपीण. आत्यापेक्षा बरीच लहान. तालुक्याच्या बाजारगल्लीत तिचं शिवणाचं दुकान होतं. तयार कपड्यांचे ढीग आले आणि दुकान बसलं. मग ती तिथल्याच एका लॉजवर हे काम करायला लागली होती, पण लॉजच्या मॅनेजरनं तिला पोसायच्या ऐवजी तीच त्याला पोसत होती, म्हणून वैतागली होती. ती आली ते पायमशीन टेम्पोत घालूनच. खोलीच्या दाराबाहेर पत्र्याच्या आडोशाला तिनं ते मांडलं.

व्यवस्था साधी होती. एक आत असली की दुसरी बाहेर मशीनवर बसायची. शिंपीण ट्रकचे पडदे, सीटची कव्हरं, फाटलेल्या ताडपत्र्या शिवायची. आत्याला शिवता येत नव्हतं, ती नुसती रिकामं मशीन चालवायची, खडखड खडखड. आतल्या माणसाला कळायचं की भिंतीपलीकडे कोणीतरी आहे. तेवढं पुरायचं. त्या दोघी मिळून राहत होत्या तेवढा काळ दोघींपैकी कोणाच्याही अंगाला कोणी बोट लावलं नाही.

शिंपीण बोलायची फार. आमच्या भागात असं माणूस म्हणजे चमत्कारच. पहिल्या आठवड्यात तिनं आत्याला विचारलं होतं, "तुमच्याकडे बोलण्यावर पण जकात आहे का गं?" खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून दोघी रोज भांडायच्या. शिंपिणीला वारा हवा असायचा, आत्याला धूळ सोसायची नाही. मला दवाखान्यात घालायला पांढरा कोट तिनंच शिवला, माप न घेता, नुसतं माझ्याकडे एकदा बघून. मी तिला मावशी म्हणायला लागले. आत्याची मैत्रीण मावशी कशी होते, असं आत्या विचारायची, आणि शिंपीण म्हणायची, तुला काय करायचंय, पोरगी हुशार आहे, आत्यापेक्षा मावशी जवळची हे तिला कळतं.

आत्या त्या काळात जाड झाली. म्हणजे काटकीची जाड, बघणाऱ्याला कळणार नाही. पण मला कळायची. ती झोपायला लागली होती.

मग राजधानीत कोणीतरी ठरवलं की देश स्वच्छ करायचा. जिल्ह्याला नवा अधिकारी आला, विशेष पथक आलं, गावोगाव फलक लागले, त्यावर एका साखळी तुटलेल्या मुलीचं चित्र. आमच्याकडे पथक भर दुपारी आलं. आत्या तापानं फणफणली होती, आत पांघरूण घेऊन पडली होती. शिंपीण बाहेर एक सीट कव्हर उसवत बसली होती. दोन जीपगाड्या, एक कॅमेरावाला, दोन बाया अधिकारी. त्यांना वाट दाखवायला पुढे कोण, तर तोच हवालदार. दार त्यानंच दाखवलं. दाराकडे नीट बघतसुद्धा नव्हता, जणू आज पहिल्यांदाच पाहतोय.

अधिकारीण बाई सभ्य होती. आवाज चढवला नाही, हात लावला नाही. तिनं विचारलं, हे चालवतं कोण.

शिंपीण म्हणाली, "मशीन मी चालवते."

कॅमेरावाला हसला. बाई हसली नाही. खोली कोणाच्या नावावर आहे, तिनं विचारलं. आत्या आतून उठून आली, पांघरूण खांद्यावर तसंच, आणि म्हणाली की माझ्या. झालं. तेवढ्यावर ठरलं. थोरली ती चालवणारी आणि धाकटी ती फसवून आणलेली. आत्या आरोपी, शिंपीण पीडित. शिंपीण सांगत राहिली की मला कोणी आणलं नाही, मीच आले, आम्ही दोघी एकसारख्या आहोत. अधिकारीण तिला फार मायेनं म्हणाली, "कायद्यात एकसारख्या असं काही नसतं, ताई. घाबरू नका, आता तुम्ही सुटलात."

सुटलेलीला एका जीपमध्ये बसवलं आणि अडकलेलीला दुसऱ्या. मशीनही गुन्ह्यात वापरलेली वस्तू म्हणून नेलं. चौकीच्या आवारात उघड्यावर टाकलं होतं, पट्टा कोणीतरी काढून नेला.

आता गावाचं ऐका. पंपावर सगळे जमले होते. जीप वळून गेल्यावर कोणी हळहळलं नाही, कोणी शिवीही दिली नाही. थोड्या वेळानं गावचा प्रमुख म्हणाला, बाहेरच्या बायका असतात, आपल्या भागाचं नाव खराब करतात. शिंपीण बाहेरची होती, ठीक आहे. आत्या प्रमुखाच्या वर्गात होती. लहानपणी ती त्याच्याशी विटीदांडू खेळलेली. कोणी म्हणालं नाही की अरे, ती आपली आहे. माझे बाबा तिथं होते. त्यांनी मान हलवली. मी पाहिलं. ती हो म्हणायची मान होती.

खटल्यात पंपवाल्यानं सांगितलं की खोली शिवणवर्गासाठी दिली होती, बाकी मला काही कल्पना नाही. हवालदारानं शपथेवर सांगितलं की पथक येईपर्यंत तिथं काय चालतं हे आम्हाला माहीत नव्हतं. वजनकाट्यावरच्या माणसांना बोलावलं होतं. कोणी पाहिलं नव्हतं, कोणी ऐकलं नव्हतं. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. रोज ज्या दारावरून जायचे ते दार कोणत्या दिशेला आहे हेही एकाला सांगता आलं नाही.

मी साक्ष दिली. बाबांनी आदल्या दिवशी मला बसवून सांगितलं होतं की जायचंच असेल तर जा, पण लांबची नातेवाईक सांग. मी सख्खी भाची सांगितलं. गळ्यावरच्या पट्ट्याचं सांगितलं, चौकीचं सांगितलं, सोबतीला कोणीतरी ठेव हा सल्ला कोणी दिला ते बोट दाखवून सांगितलं. हवालदार बाकावर बसून नखं बघत होता. सरकारी वकिलानं मला एकच प्रश्न विचारला. आरोपीच्या कमाईवर आपण शिकलात, हे खरं का?

मी हो म्हटलं. तो न्यायाधीशांकडे बघून नुसता थांबला. मला पाहायचं होतं की तो आणखी काय विचारतो, पण त्याला तेवढंच हवं होतं. बाईच्या कमाईवर जगणाऱ्यांच्या कलमानं मलाही आत टाकता आलं असतं, आणि बाबांना तर माझ्या आधी. घरावरच्या छपराखाली ते रोज झोपत होते.

न्यायाधीश म्हातारे होते, भले होते. निकाल वाचताना त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले की मला या स्त्रीबद्दल सहानुभूती आहे, पण एका खोलीत दोघी होत्या हे दोन्ही पक्षांना मान्य आहे, आणि कायदा तेवढंच विचारतो. कमीत कमी शिक्षा त्यांनी दिली. हवालदाराच्या खोटेपणापेक्षा मला त्यांच्या हळहळीचा राग जास्त आला. हवालदाराला निदान माहीत होतं आपण काय करतोय.

आत्या तुरुंगात गेली. शिंपिणीला सुधारगृहात ठेवलं, आणि तिथं तिला स्वतःच्या पायावर उभं करायचं म्हणून शिवणवर्गात बसवलं. पहिला धडा, सुईत दोरा कसा ओवायचा. मी भेटायला गेले तेव्हा तिनं हे हसत सांगितलं. शिकवणारी मुलगी काजं इतकी वाईट करते की बघवत नाही, म्हणाली, पण मी काही बोलत नाही, बिचारीची नोकरी आहे. पुढच्या भेटीत हसली, पण कमी. नंतर नंतर ती माझ्यासमोर बसून बोटांना दोरा गुंडाळायची आणि सोडायची. खिडक्यांना जाळ्या होत्या आणि त्या उघडत नव्हत्या. मी वारा येत नाही का विचारलं, तर म्हणाली, इथं तोच एक फायदा, खिडकीवरून भांडण नाही.

आत्या शिक्षा भोगून बाहेर आली तरी शिंपीण आतच. आरोपीच्या शिक्षेला शेवट असतो, पीडितेच्या सुधारण्याला नसतो. तिला सोडायचं तर जबाबदार नातेवाईक लागत होता. तिच्या घरच्यांनी कानावर हात ठेवले. आत्या फाटकापर्यंत गेली तर अधीक्षक बाईंनी तिला आत घेतलं नाही. जिनं मुलीला या चिखलात ओढलं तिच्याच हाती परत कशी देऊ, असं त्या मला म्हणाल्या, आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या फाटकाबाहेर उन्हात उभी होती. तिला ते सगळं ऐकू येत होतं.

शेवटी शिंपीण सुटली ती एका अटीवर, की पूर्वीच्या संगतीत राहायचं नाही. पूर्वीची संगत म्हणजे माझी आत्या. म्हणून ती खाणींच्या पलीकडच्या गावात गेली आणि तिथं तिनं एक खोली घेतली. मशीन नव्हतं. शिवणाचं काम मागायला गेली तर सुधारगृहाचं प्रमाणपत्र बघून लोक दार लावायचे. दुसरं जे काम येत होतं ते तिनं केलं. खोलीत एकटीच होती. अगदी कायद्यात बसेल अशी.

आत्या माझ्याकडे राहायला आली होती, माझ्या भाड्याच्या खोलीत. काम तिनं सोडलं होतं, दवाखान्यातल्या चादरी धुवायची. दोघी बसस्टँडवर भेटायच्या, कारण बसस्टँडवर दोन बायका बसल्या तर अजून तरी गुन्हा होत नाही. एकदा शिंपीण म्हणाली की एक माणूस येतो, मला आवडत नाही, पण आत आल्यावर बाहेर कोणी आहे का असं विचारतो. आत्यानं घरी येऊन हे मला सांगितलं. तू काय म्हणालीस असं विचारलं तर म्हणाली, तिला म्हटलं, खोली बदल. कुठे बदलणार गं ती?

शिंपीण त्या खोलीत मेलेली सापडली. दाराला बाहेरून कडी होती. गळा आवळला होता. तोच माणूस असेल किंवा दुसरा असेल. त्या दुपारी आत्याची तक्रार लिहून घेतली असती, मोटारीचं वर्णन कुठं तरी नोंदलं असतं, तर निदान ताडून बघता आलं असतं. आता ताडायला काहीच नाही.

बातमी कळल्यावर आत्या रडली नाही. तिनं चप्पल घातली. आम्ही जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो. शवागाराच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, नातं काय.

आत्या म्हणाली, "तुमच्या सरकारी कागदाप्रमाणे मी तिची आरोपी."

त्याला वाटलं बाई चेष्टा करतेय. त्यानं पुन्हा विचारलं, नातं सांगा, नात्याशिवाय देता येत नाही. मी पुढे झाले आणि ठणकावून सांगितलं की मी तिची भाची, ती माझी मावशी. त्यात खोटं काही नव्हतं.

मृतदेह गावाकडे आणायला प्रमुखानं नको म्हटलं, त्याचं म्हणणं, गाव शांत आहे. आम्ही तालुक्यालाच सगळं उरकलं. पंक्चरवाला आला होता आणि तीन-चार ट्रकवाले. त्यांच्यातला एक ज्या ताडपत्रीत फुलं घेऊन आला ती तिनंच शिवलेली होती, असं तो म्हणाला. बास, एवढेच.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्या दारात आले. आत आले नाहीत, उंबऱ्याशी उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांचे केस पिकले होते, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. "ताई, झालं ते झालं," ते म्हणाले.

आत्या चादर पिळत होती. तिनं पीळ सोडला नाही. "झालं नाही," ती म्हणाली. "तुम्ही केलंत. तू पंपावर मान हलवलीस ना, ते केलंस."

बाबांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. मग गेले. मला त्यांची दया आली नाही आणि ती यावी असं मला वाटतही नाही.

वर्ष उलटलं नाही तोच जिल्ह्याचं कौतुक सुरू झालं. संपूर्ण जिल्ह्यात एकही अड्डा उरला नाही म्हणे. राजधानीतून समिती आली, कायद्याचा परिणाम अभ्यासायला. गावच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. प्रमुखानं उभं राहून सांगितलं की आमच्याकडची माणसं साधी, कष्टाळू, आमच्या भागात तसलं काही नाही आणि कधी नव्हतं. समितीच्या अध्यक्ष बाईंनी विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे का. सभागृह भरलेलं होतं. सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते.

आत्या उठली. "मी आहे," म्हणाली.

प्रमुख घाईनं म्हणाला की बाईंच्या डोक्यावर थोडा परिणाम झालेला आहे, जवळचं माणूस गेलंय. अध्यक्ष बाईंनी त्याला हातानं थांबवलं. आत्यानं सगळं सांगितलं, खाणीपासून. आवाज त्या दुपारपासून घोगराच राहिला होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. सांगून झाल्यावर म्हणाली, "दोघी होतो तोवर दोघी जिवंत होतो. तुम्ही आम्हाला वेगळं केलंत आणि ती मेली. तुमच्या कायद्यानं कोणाला वाचवलं तेवढं मला सांगा."

समितीतल्या एका तरुण सभासदानं तिला विचारलं की हा व्यवसाय सोडायला शासनाकडून कोणती मदत मिळाली तर तुम्हाला उपयोगी पडेल. आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं समोरची बाटली उचलून तोंडाला लावली. "सोडलाय मी," ती म्हणाली. "मला मदत नको. मारणारा शोधा. आणि दोन बायकांना एका खोलीत राहता येईल असं करा. एवढंच करा."

अध्यक्ष बाई म्हणाल्या की आपली भावना आम्ही वर पोचवू. वर कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. सभागृहातून दुसरं कोणी उठलं नाही. कायदा आहे तसाच आहे. शिंपिणीच्या खुनाचा तपास चालू आहे असं दर वेळी सांगतात, आणि तो हवालदार बढती मिळून जिल्ह्याला गेला.

पण त्या सभेनंतर आत्याला एक खोड लागली. रस्त्यात, बाजारात, बसमध्ये जुनं गिऱ्हाईक दिसलं की ती त्याला नावानं मोठ्यानं हाक मारते आणि तब्येत विचारते. बायको बरोबर असली तर बायकोचीही विचारते. शिवी नाही, टोमणा नाही, चांगली हसतमुखानं विचारते, आणि पुढं म्हणते, मला ओळखलंत ना, मी काटकी, पंपामागच्या खोलीतली. माणसं लांबून ती दिसली की रस्ता बदलतात. पंपवाल्यानं पंपावर बसणंच सोडलं, मुलाला बसवतो. प्रमुखाला त्याच्या मुलीच्या सासऱ्यांसमोर तिनं हाक मारली, त्यानंतर दोन माणसं मला येऊन भेटली. म्हणाली, आत्याला जरा समजाव, आपल्याकडे असं बोलायची पद्धत नाही.

मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की आत्या आत आहे, तुम्हीच समजवा. ते अर्धा चहा तसाच टाकून उठले. ती आतून विचारतच होती, कोण आलंय गं, नाव काय त्यांचं.